दगडाच्या अलीकडून

मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहून. वर एक ठळक प्रश्न, खाली चार ओळींचा संताप, शेवटी जमायचं ठिकाण. त्यामुळे मला सजवून सांगता येत नाही, आणि आता तो संतापही पूर्वीसारखा येत नाही. दात काढायच्या आधी सुई दिली की गाल जसा होतो, आहे हे कळतं पण आपला वाटत नाही, तसं त्या दिवसांचं झालंय. तरी लिहिते. आमच्या चित्रांच्या पुस्तकाबद्दल लोक अजून कौतुकानं बोलतात, मी मान हलवते, आणि त्या पुस्तकामागं काय झालं हे कुणी विचारत नाही.

आमचं घर सांगलीजवळच्या कुपवाडला. पप्पा सैन्यातून पेन्शनवर आले आणि एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या गेटवर सिक्युरिटीला लागले. घराच्या मागच्या भिंतीला लागून प्रेस मशीनचं शेड होतं. त्याचा दणका दिवसभर चालायचा, इतका की सुट्टीच्या दिवशी तो थांबला की घरात कुणीतरी कमी आहे असं वाटायचं. पाळी सुटली की गल्लीतून दुचाक्यांचा लोंढा जायचा, आणि आई दारातली रांगोळी वाचवायला पाट आडवा लावून उभी राहायची. तिचं स्वयंपाकघर मात्र कुपवाडचं नव्हतं. गल्लीत सगळ्यांकडे ज्वारीची भाकरी, आमच्याकडे नाचणीची. मामा वर्षातून एकदा पिशव्या घेऊन यायचा: नाचणी, फणसाच्या आठळ्या, करवंदाचं लोणचं, औषधाला हिरडे. आठळ्या आई तव्यावर भाजायची आणि त्यांचा गोडसर जळका वास शेडमधल्या ऑइलच्या वासात मिसळायचा. पप्पा म्हणायचे, "आला तुझ्या म्हायेरचा माल. आता आठवडाभर आमाला जंगलात ऱ्हावं लागतंय." आई त्यांच्या ताटात जास्तीच्या आठळ्या वाढून उत्तर द्यायची. आईच्या माहेराला आम्ही घरात 'वर' म्हणायचो. वर म्हणजे सातारा जिल्ह्यात, कोयनेच्याही वरच्या अंगाला, जिथं एसटी एका वळणावर सोडते आणि पुढं पायानं चढावं लागतं.

वर, गावाच्या डोक्यावर, भैरीदेवाचं रान होतं. देवराई हा शब्द मी कॉलेजात ऐकला. गावात त्याला नुसतं रान म्हणायचे आणि बाकीच्या सगळ्या झाडीला डोंगर. रानातली काटकीसुद्धा घरी आणायची नाही, पडलेलं झाड पडल्या जागी कुजू द्यायचं. पूजा मामाच्या घराकडं. रानाच्या तोंडाशी कमरेएवढा एक उभा दगड होता, शेंदूर लावलेला. बायकांनी त्या दगडापर्यंत यायचं. पुढं नाही. आई दर वर्षी नवी साडी नेसून तिथवर यायची, ताट मामाच्या हातात द्यायची, आणि मामा दोन-चार पावलांत त्या हिरव्या अंधारात दिसेनासा व्हायचा. आम्ही उभ्या. पायाखाली ओला पाला, वर कुठंतरी शेकरू एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेल्याचा आवाज. मग आतून, लांबून, घंटा वाजायची आणि आई हात जोडायची. मी एकदा विचारलं, "आई, देव कसा आहे?"

"काळा हाय म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"दादा."

लग्न होईपर्यंत ती त्या दगडापासून हाकेच्या अंतरावर वाढली होती, आणि आपल्या देवाबद्दल तिला एवढंच माहीत होतं. मला लहानपणीच याचा राग यायचा. आईला तो येत नाही असं मी धरून चालले होते. आईबद्दल मी अशा बऱ्याच गोष्टी धरून चालले होते.

सांगलीत कॉलेजला असताना मी झाडांसाठी आणि नदीसाठी भांडणाऱ्या एका गटात शिरले. आमचे एक सर होते, निवृत्त शिक्षक, खादीचा शर्ट, पायात प्लास्टिकचे बूट. पत्रकाची पहिली ओळ कशी लिहायची ते त्यांनी मला शिकवलं. एके दिवशी तेच म्हणाले, "मोठ्यांना कागद दिला की त्यात ते भेळ बांधतात. आपण आता पोरांकडं जायचं." म्हणून आम्ही वर्षावनावरची चित्रपुस्तकं गोळा केली आणि घाटातल्या शाळांमधून वाचायला निघालो. मामाच्या गावची शाळा माझ्याकडं आली. पहिली ते चौथी, एक खोली, एक गुरुजी, आणि बाहेर असा पाऊस की पत्र्याखाली स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. मी पुस्तक उघडून धरलं. निळे-पिवळे पोपट, झाडाच्या बुंध्याएवढा साप, तोंड रंगवलेली माणसं. मी ओरडून विचारलं, "याला म्हणतात वर्षावन. असं रान कुठं असतं?"

"टीव्हीत," एक जण म्हणाला.

"फॉरेनला असतंय," दुसरी म्हणाली.

"आणि तुमच्याकडं?"

"आमच्याकडं नुसता चिखल असतोय, बाई," संज्या म्हणाला. चौथीतला, पुढचे दात मोठे, कुणाच्याही आधी बोलणारा. "आन् तुमच्या पायाला जळू लागलीया."

लागली होती. गुरुजींनी डबीतला चुना तिच्यावर लावला, ती गळून पडली, पोरं हसली. माझ्या घोट्यातून रक्ताची बारीक धार वाहत होती आणि मी चिडले होते, जळूवर नाही. या पोरांच्या डोक्यावर जे रान उभं होतं ते त्या पुस्तकातल्या रानाचंच भावंड होतं, आणि त्यांना वाटत होतं की रान म्हणजे दुसऱ्याकडं असणारी गोष्ट. त्याच रात्रीच्या जेवणाला, मामीनं केलेली खेकड्याची आमटी ओरपत, मी ठरवून टाकलं की या रानाचं पुस्तक करायचं आणि चित्रं या पोरांनीच काढायची.

ते दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस असावेत. असावेत असं म्हणते, कारण मला ते आठवतात पण जाणवत नाहीत. पावसाळाभर मी शनिवार-रविवार वर जायचे. पोरं पोटावर पालथी पडून चित्रं काढायची, गुरुजी रंगीत खडू पुरवून पुरवून द्यायचे. एक अडचण पहिल्याच दिवशी आली. मुली दगडाच्या पुढं गेलेल्या नव्हत्या, मीही नव्हते. म्हणून आम्ही वाटणी केली. बाहेरचं रान मुलींचं, आतलं रान मुलांचं. मुलींनी काढलेलं पान नुसती हिरवी भिंत होती, काठापासून काठापर्यंत, आणि मधे शेंदरी दगड. त्याच्या पुढची पानं मुलं सांगायची आणि मी लिहून घ्यायचे. आत मांडीएवढी जाड गारंबीची वेल आहे, तिला झोका घेता येतो पण घ्यायचा नाही. एका पोकळ झाडात ऊदमांजर राहतं. कुंभ्याच्या झाडाखाली झरा आहे. आणि संज्या म्हणाला, "भायेर पाऊस थांबला तरी आत पडत ऱ्हातोय. पानं त्यो साठवून ठेवत्यात आन् मागनं सोडत्यात." वर्षावनाची याहून चांगली व्याख्या मी अजून वाचलेली नाही. देवाचं चित्र संज्यानंच काढलं: झाडांच्या मुळांमधे काळा दगड, दोन मोठे डोळे, डोक्यावर पाला, भोवती काळोख. त्यानं अख्खा काळा खडू त्या पानावर संपवला.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत मी कुपवाडला आणली. आई भाकऱ्या थापत होती. मी एकेक पान तिच्यासमोर धरत गेले, ती भाकरी उलटता उलटता "आगं, ह्यो आपला वढा," असं म्हणत होती. मग देवाचं पान आलं. ती थांबली. परातीतले हात पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि वाकून त्या पानाला कपाळ लावलं. तव्यावरची भाकरी करपत होती.

"आई, पोरानं खडूनं काढलंय ते."

"असूं दे. दुसरं कोण दावणार हाय मला?"

मी हसले. पुढं कितीतरी वर्षं मी कार्यशाळांमधून सांगत फिरले की चित्र मुलांपर्यंत पोचतं, शब्द पोचत नाहीत. ते चित्र आणखी कुणाकुणापर्यंत पोचलं हे मी त्या कार्यशाळांत सांगत नाही.

गावचे निम्मे पुरुष मुंबईला, माथाडी कामाला. त्यांचा मोबाइलवर ग्रुप. गुरुजींनी कौतुकानं पुस्तकाची पानं त्यावर टाकली. पहिल्या दिवशी अभिनंदन, हात जोडलेले, फुलं. मग कुणीतरी देवाच्या पानाखाली लिहिलं, आपण इथं लाद्यांच्या घरात आणि आपला देव असा पाल्याखाली, अंधारात? मंदिराचं बोलणं आधीपासून चालू होतं, हे खरं आहे. पुस्तकानंच सगळं घडवलं असं मी म्हणणार नाही. पण इतके दिवस देव त्यांच्या आठवणीत होता आणि आठवणीत तो मोठा होता. आता तो त्यांच्या हातातल्या काचेवर आला, चौथीतल्या पोरानं काढलेला, आणि त्यांना लाज वाटली. पक्कं मंदिर बांधायचं, समोर मोठा सभामंडप घालायचा असं ठरलं. रानाच्या जागेवर. झाडं विकून खर्च भागवायचा. जागा गावकीची, परवानगीचं सगळं रीतसर. मी बारकाईनं पाहिलं, बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त देवाला विचारायचं राहिलं होतं.

देवाला विचारायची आमच्याकडची रीत कौलाची. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओली पानं चिकटवायची आणि प्रश्न करायचा. उजवं पान आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. लग्न, विहीर, गुरांचं आजारपण, सगळं असंच विचारलं जायचं. कौलाच्या सकाळी मी वर पोचले. आईही माझ्याबरोबर आली, तिनं का यायचं म्हटलं ते मी विचारलं नव्हतं. मी वाटेत पत्रक वाटलं होतं, 'भैरीदेवाचं घर कोण मोडतंय?' या मथळ्याचं. मुंबईहून आलेल्या मंडळाचे अध्यक्ष, सगळे त्यांना तात्या म्हणायचे, त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "भाची झ्याक लिवती. मंदिराची पत्रिका तुझ्याकडंच देतो बघ."

पुरुष आत गेले. आम्ही बायका दगडापाशी. मामाचा आवाज ऐकू येत होता, कौलाचा प्रश्न मोठ्यानं करावा लागतो. "देवा, तुझं रान काढून तुला मंदिर बांधावं का?" मग पान पडायची वाट. फार वेळ. झाडांतून साठलेलं पाणी ठिबकत होतं. मग कुणीतरी म्हणालं, "डावं." पुन्हा कुजबुज, पुन्हा पानं लावली असणार, पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा डावं. पुरुष बाहेर आले, दगडाच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिले, कुणी तंबाखू काढली. मामाचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला. त्याला मंदिर नको होतं असं तो कधी बोलला नाही. पण त्याला ते रान अंधारात पावलांनी पाठ होतं.

"झालं मग," मी म्हणाले. "देवानंच सांगितलं."

तात्या म्हणाले, "देव कोपला न्हाई, प्रश्न चुकला. आपुन आपल्यासाठी मागितलं. त्यो कसा दील?"

तेव्हा आई बोलली. पन्नाशीची बाई, भावासमोर आवाज न चढवणारी. "दादा, मला बघायचाय त्यो."

तात्यांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"पोरीच्या पुस्तकात बघितला. तवापासनं झोप लागंना झालीया. मरायच्या आदी एकदा बघायचाय."

"आई, गप्प बस जरा," मी म्हणाले.

"गप्पच हाय की मी. जल्मभर."

बाकीच्या बायका एकमेकींकडं बघत नव्हत्या, सगळ्या आईकडं बघत होत्या. मी मामाकडं वळले आणि बोलत सुटले. मग आम्हाला आत येऊ द्या, आज, आत्ता, झाडं कशाला पाडता, चार पावलांचं अंतर आहे. मामानं शांतपणे ऐकलं. तो म्हणाला, "पोरी, रान हाय तवर बाईमाणसानं आत यायचं न्हाई. ती रानाची रीत हाय, देवाची न्हवं. रान न्हाई तर रीत बी न्हाई." यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. तो मला समजावत होता, लहानपणी आठळीचं साल कसं काढायचं ते समजावायचा तसं.

तो परत आत गेला. त्याचा आवाज आला, आधीपेक्षा बारीक. "देवा, तुझ्या लेकीबाळींना तुझं त्वांड दिसावं का?"

लगेच कुणीतरी म्हणालं, "उजवं."

मला दगड ओलांडता आला असता. मी तेव्हा कशालाच घाबरत नव्हते, ट्रकांपुढं आडवी झाले होते. पण ओलांडला असता तर आईला पुन्हा माहेरी तोंड दाखवता आलं नसतं, आणि आईनं माझं मनगट धरलं होतं. जोरात नाही. बाजारात लहान मूल धरतात तसं. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला बघवला नाही. मी दगडाकडं बघत राहिले. शेंदराचे पापुद्रे निघाले होते. त्या क्षणी माझ्यातलं काहीतरी बंद पडलं आणि आवाज न करता बंद पडलं.

रान दिवाळीनंतर पडलं. यांत्रिक करवती डोंगरभर घुमत होत्या आणि मामीच्या चुलीवर कामगारांच्या चहाचं पातेलं उतरतच नव्हतं. मी गटाबरोबर निवेदनं दिली, आम्ही तालुक्याला धरणं धरून बसलो, दोन बातम्या आल्या, एकीत माझं नाव चुकलं होतं. गुरुजींनी शाळा चार वाजेपर्यंत आत बसवून ठेवली. संज्यानं त्या दिवसांत चित्र काढलं नाही, एवढंच गुरुजी फोनवर म्हणाले.

मंदिर झालं. गुळगुळीत पांढऱ्या लाद्या, वर पत्र्याचा मंडप, कडेला नळ. आई, मी, पप्पा, तिघं गेलो. दगड बाजूला काढून ठेवला होता, त्याच्यावर कुणाची तरी चप्पल. आम्ही सरळ आत चालत गेलो. इतकं जवळ होतं ते. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेवर उभी होते आणि बघायला काही नव्हतं, बुंध्यांच्या चकत्या आणि लाल माती. देव मंदिरात मधोमध, ट्यूबलाइटखाली. आईनं नारळ वाहिला, डोळे भरून बघितलं, रडली. बाहेर आल्यावर पायरीवर बसून म्हणाली, "केवढासा हाय गं." मग पदरानं डोळे पुसत, "चित्रात मोठा होता." पप्पांनी तिला पाण्याची बाटली दिली. मला आईचा राग यायला हवा होता. मी तिथं उभी राहून तो शोधत होते. सापडला नाही, अजूनही सापडलेला नाही. मामा आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "आता घंटा वाजवाय लागत न्हाई. सगळ्यांना दिसतंयच की." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो फक्त रिकाम्या हातानं चालत होता.

पुस्तक मात्र चालू आहे. गटातल्या मंडळींचं म्हणणं पडलं की रान पडल्याचं त्यात घालू नये, मुलं खचतात. मी वाद घातला नाही. पूर्वी घातला असता, पत्रक काढलं असतं, सरांशी अबोला धरला असता. आता पिशवीत पुस्तकं भरते आणि जाते. मागच्या उन्हाळ्यात जत तालुक्यात गेले होते, मेंढरं राखणाऱ्या घरांची वस्ती, शाळेसमोर टँकरची वाट बघत ओळीनं मांडलेल्या घागरी. वर्गात मुलं घामेजलेली, मराठीत बोलता बोलता आपसात कानडीत शिरणारी. मी पुस्तक वाचलं. गारंबी, ऊदमांजर, साठवलेला पाऊस. पाऊस साठवणारी पानं ऐकून मुलं जागी झाली. मग मुलींनी काढलेलं ते हिरव्या भिंतीचं पान आलं, आणि मी नेहमीचं वाक्य वाचलं की मुली या दगडाच्या पुढं जात नाहीत.

पुढच्या ओळीतल्या एका मुलीनं हात वर केला. केसांना तेल, मांडीवर धाकटा भाऊ.

"बाई, गेल्यावर काय हुतंय?"

गटानं ठरवलेलं एक उत्तर आहे. परंपरा, निसर्गाबद्दलचा आदर, वगैरे. ते मला पाठ आहे.

"काही होत नाही," मी म्हणाले. "ऊन लागतं."

तिनं भावाला मांडीवर सावरलं. "त्ये तर हितं बी लागतंय," ती म्हणाली, आणि हात लांबवून तिनंच पान उलटलं.